खाली अडकलेले बसचे पाय

त्या बसचे पाय आम्ही मोडले, असं अंबरपेठेत काही लोक अजून म्हणतात. आम्ही मोडले नव्हते. आम्ही तिच्यावर पोस्टरं चिकटवली होती, आणि त्याचं मला तेव्हाही काही वाटलं नाही, आताही वाटत नाही.

बाजार नुकताच खुला झाला होता आणि खुल्या बाजाराला आमच्या मैदानाचा पत्ता लगेच सापडला. एका कंपनीने लांबलचक बसमध्ये आख्खं घर बसवून आणलं होतं. पलंग, ओटा, फ्रिज, रंगीत टीव्ही, कपडे धुवायचं मशीन. बायका पायरीपाशी चपला काढून आत जायच्या, देवळात जावं तशा, आणि बाहेर यायच्या त्या हातात हप्त्यांचा कागद घेऊन. त्याच गल्ल्यांमधल्या माणसांना सरकारी कारखान्यातून तेव्हा ‘स्वेच्छेने’ घरी बसवत होते. घरी बसलेल्या नवऱ्याच्या बायकोला वॉशिंग मशीन विकायला आले होते हे लोक. माझ्या पत्रकाचा पहिला परिच्छेद मला शोधावा लागला नाही.

आमच्या संघटनेची पत्रकं तीन भाषांत निघाली. मराठी मी लिहिलं. पोस्टर लावायला माझ्याबरोबर एकटी माझी कॉलेजातली मैत्रीण. ती घरी मराठी बोलायची पण वाचायची अक्षरं जुळवत. “इतकं जड कायकू लिहितेस ग, आमच्या आईलासुद्धा कळणार नाही,” म्हणायची, आणि खळ मात्र मन लावून फासायची. सिकंदराबादला रेल्वेत क्लार्क म्हणून तिची निवड झाली होती. फक्त पोलीस चौकशी राहिली होती. हिच्यावर केस नाही, असं ठाण्याने लिहून दिलं की नोकरी. नाही दिलं तर वडिलांनी उदगीरचं एक स्थळ बघून ठेवलेलंच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पत्रकं वाटायला गेलो तर बसभोवती ही गर्दी. बस दिलसुखनगरला निघायची होती आणि निघत नव्हती.

मैदान उताराचं. बस कलती राहिली तर फ्रिजचं दार आपोआप उघडायचं. म्हणून तिच्या पोटाखाली चार जॅक होते. बटण दाबलं की तेलाच्या दाबाने ते पायांसारखे खाली उतरायचे, जमिनीला टेकायचे आणि बस सपाट व्हायची. निघताना दुसरं बटण दाबायचं, तेल टाकीत परत, पाय वर. त्या दिवशी पुढचे दोन वर गेले, मागचे दोन तसेच खाली. बस नाक खाली करून उभी, आणि मातीत लाल तेलाचं थारोळं.

मुंबईहून आलेला टायवाला मॅनेजर हवालदाराला एक बोट तेलाकडे आणि एक आमच्या पोस्टरकडे करून दाखवत होता. “पाइप काटा है. ये ही लोग हैं.”

मी बोलायला सुरुवात केली. जागतिक भांडवलापासून. हवालदाराने खिशातून पेन काढलं आणि माझ्या मैत्रिणीला विचारलं, “नाम बोलो अम्मा.”

तिने माझा दंड असा दाबला की माझं वाक्य तुटलं. “तुझं भाषण संपेपर्यंत माझी नोकरी गेलेली असेल. पाइप कापलाय का ते बघ आधी.”

ओढण्या कमरेला बांधून आम्ही दोघी बसखाली शिरलो. मॅनेजर ओरडत होता, त्याला ओरडू दिलं. मी एकेका पाइपवरून बोट फिरवत गेले. सगळे कोरडे. कुठे चीर नाही, कुठे सांधा सैल नाही. तेल ओघळलं होतं ते वरून, टाकीच्या झाकणाखालून. तिने झाकण फिरवलं.

“ही तर काठोकाठ भरलीय.”

“नीट बघ.”

“बघतेच की. तेल गळून गेलं म्हणतात आणि टाकी भरलेली?”

ड्रायव्हर चाकाशी उकिडवा बसून आमच्याकडे बघत होता. तिने त्याला हळूच विचारलं, तेल कोणी भरलं. तो इकडे तिकडे बघून म्हणाला, “मैंच भरा अम्मा. कल शाम कू झांका तो टंकी खाली दिखी. सुबह बटन दबाया तो भक्कन बाहर आया, मैं डर के बंद करा. मेरा नाम नक्को लेव, ये साब नौकरीच खा जाता.”

टाकी खाली दिसणारच. पाय खाली असताना तेल पायांत असतं. वरून आणखी ओतलं, तर पायांतलं तेल परत येऊन बसणार कुठे? ड्रायव्हरला हे कंपनीतल्या कोणी सांगितलं नव्हतं, आणि इकडे आमच्या नावाने तक्रार लिहायला निघाले होते.

मी बाहेर येऊन त्याचं नाव घेणारच होते. मैत्रीण मागून म्हणाली, “टाकी भरलेली आहे, एवढंच सांग. कोणी भरली ते कुणी विचारत नाहीये.”

तेवढंच सांगितलं. पुन्हा बटण दाबा म्हटलं. मॅनेजर म्हणाला, कोणी हात लावायचा नाही, पुण्याहून इंजिनियर येईल.

“केस आज और इंजिनियर कल?” ती म्हणाली.

हवालदाराला उन्हाचा कंटाळा आला होता. “दबाओ जी. देखेंगे.”

आमची खळीची बादली टाकीखाली धरली. ड्रायव्हरने बटण दाबलं. झाकणाखालून तेल उसळून बादलीत पडायला लागलं, आणि मागचे पाय कुरकुरत, मातीसकट वर गेले. बस पुन्हा चाकांवर बसली. कोणीतरी शिट्टी मारली. हवालदाराने पेन खिशात ठेवलं आणि मॅनेजरला म्हणाला, “पाइप तो अच्छा है साब तुम्हारा.”

महिनाभराने तोच हवालदार चौकशीसाठी तिच्या घरी येणार होता. आदल्या दिवशी ती मला म्हणाली, “उद्या येऊ नकोस.”

“मी तुझ्याबरोबर बसखाली शिरले होते.”

“शिरलीस ना. म्हणूनच त्याला तुझं तोंड पाठ आहे. आणि ते बंद राहत नाही.”

त्या दिवशी मी अंबरपेठेच्या बाजारात उगाच चकरा मारल्या. भाजीवालीशी भांडले. पत्रकांची थैली खांद्यावर होती, एकही वाटलं नाही. संध्याकाळी ती मला शोधत आली.

“दिलं लिहून. चहा पिऊन गेला.”

“माझ्याबद्दल विचारलं?”

“विचारलं.”

“मग?”

“आता ओळख ठेवली नाही म्हटलं.”

बरं केलंस, असं मी म्हणाले. पण लगेच नाही.