पाटीवर सतरा नंबर

आमच्या ह्यांना सगळं गाव मिस्त्री म्हणतं. मी हट्टी म्हणते. चौकात आमचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, दोन गाळ्यांचं. पुढच्या गाळ्यात हे बसतात, पाने आणि वंगणाचे डबे घेऊन. मागच्या गाळ्यात मी, चाकांचे आऊट काढत. म्हणजे वाकडं झालेलं चाक स्टँडवर फिरवायचं, आरे एकेक करून कसायचे आणि चाक सरळ फिरेपर्यंत चिडायचं नाही. शेवटचं मला जमत नाही, असं ह्यांचं म्हणणं.

ह्यांचं काय सांगू! दिवसभरात दहा वाक्यं बोलले तर समजायचं, आज स्वारी खुशीत आहे. घरातल्या कुणाला तोंडावर चांगलं म्हणतील तर शपथ. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, माझ्या हातच्या चाकाला "ठीक आहे" याच्या वरचा शेरा मिळालेला नाही. पण सायकल शर्यतीचा विषय काढा, की माणूस एकदम खुलतो. त्यातही शर्यत कोण जिंकणार यात ह्यांना रस नाही. तो डोंगर चढणाऱ्यांचा मामला, म्हणतात. ह्यांचा जीव अडकलाय तो गुणांच्या स्पर्धेत. अनेक दिवसांच्या शर्यतीत रोज शेवटच्या रेषेवर, आणि वाटेत आखलेल्या एखाददुसऱ्या रेषेवर, जो आधी पोचेल त्याला गुण मिळतात. शेवटच्या दोनशे मीटरमध्ये जीव खाऊन सुटणारे जे असतात, त्यांची ही लढाई. ज्याचे गुण सगळ्यात जास्त, त्याला हिरवी जर्सी.

आमच्या भागात दर वर्षी मुलींची सहा दिवसांची शर्यत होते. आदल्या दिवशी सगळ्या सायकलींची तपासणी असते आणि ते काम ह्यांच्याकडे असतं. तिथून आले की दुकानाबाहेरच्या काळ्या पाटीवर हे खडूनं एक नंबर लिहितात. बस्स, नुसता नंबर. हिरवी जर्सी हिला मिळणार. सात वर्षं झाली, एकदाही चुकलेले नाहीत. लोक पाटी बघायला थांबतात, माना डोलावतात आणि साधी हवासुद्धा न भरता निघून जातात.

कसं ओळखता, म्हणून मी एकदा खनपटीला बसले. तर म्हणाले, "ब्रेकचे रबर बघतो." मुलींकडे बघतच नाहीत म्हणे. कोण वळण आलं की घाबरून ब्रेक दाबते आणि कोण बोटं मोकळी ठेवते, हे रबराच्या झिजेवरून कळतं. वळणावर जी वेग सोडते, ती रेषेवर मागे पडते. झालं, एवढंच शास्त्र.

यंदा मात्र माझं डोकं फिरलं, कारण यंदा आमची बारकी जिंकायच्या तयारीनं उतरली होती. बारकी म्हणजे आमची एकुलती एक लेक. उंचीनं माझ्या डोक्यावर गेली तरी नाव बारकीच राहिलं. मागची दोन वर्षं ती पहिल्या दहात आली होती. यंदा तिनं जिवाचं रान केलं होतं. हिरवी जर्सी मिळवणाऱ्या एकीलाच मोठ्या संघाच्या शिबिरात थेट घेतात, आणि तेविसाव्या वर्षानंतर ते दार बंद. बारकीला तेविसावं चालू होतं.

तपासणीहून हे आले, खडू घेतला आणि पाटीवर लिहिलं, सतरा. बारकीचा नंबर होता चाळीस.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अहो, पोटच्या पोरीचा नंबर लिहायला काय हात झडतो का तुमचा?"

"सतराचे रबर बघितलेस तू? एकसारखे झिजलेत."

"आणि बारकीचे?"

"मागचा रबर पार खाल्लाय. वळणावर धरते ती. मी नवीन बसवलाय."

"मग हे तिला सांगितलंत?"

"आता आदल्या दिवशी काय सांगायचं? उगाच बिचकेल."

"एक वर्ष चाळीस लिहिलंत तर आभाळ कोसळणार आहे?"

"पाटीवर खोटं लिहू?" असं म्हणून हे हात धुवायला गेले. विषय संपला. ह्यांच्यापुढे मी कितीदा हात टेकलेत, त्याचा हिशेब नाही.

तेवढ्यात बारकी सरावाहून आली. पाटीसमोर क्षणभर थांबली, हेल्मेट काढलं आणि आत येऊन पाणी प्यायली. मी म्हटलं, "त्या पाटीकडे लक्ष देऊ नकोस हं. तुझ्या बापाला काही कळत नाही." ती हसली. म्हणाली, "आई, बाबा कधी चुकलेत का?" मला वाटलं, पोरगी समजूतदार आहे, मनाला लावून घेतलं नाही. मी पण काय अक्कल पाजळली!

शर्यत सुरू झाली. हे दुरुस्तीच्या गाडीतून शर्यतीबरोबर, आणि मी दुकानात, मोबाइल चाकाच्या स्टँडला टेकवून. पहिल्या दिवशी सतरा नंबर पहिली, बारकी दुसरी. दुसऱ्या दिवशी सतरा तिसरी, बारकी चौथी. डोंगराच्या दिवशी दोघी मागे पडल्या, पण वाटेतल्या रेषेवर पुन्हा तेच, सतरा पुढे आणि बारकी मागे. जणू दोरीनं बांधल्या होत्या. चौथ्या दिवशी सतराची गिअरची केबल तुटली, तेव्हा कुठे बारकीला पहिला नंबर मिळाला आणि अंतर कमी झालं. गिऱ्हाईकं येऊन मला सांगायची, "मिस्त्रींचं बरोबर येतंय हं, वहिनी." मी म्हणायचे, "तुमची सायकल घ्या आणि चालू लागा."

पाचव्या दिवसाअखेर सतराचे गुण एकसष्ट आणि बारकीचे एकोणसाठ. सहावा टप्पा आमच्याच गावात संपणार होता. वाटेत रेषा नाही, सगळं शेवटावर. पहिलीला पंधरा, दुसरीला बारा. साधा हिशेब होता. या दोघींत जी पहिली, तिची जर्सी.

मी दुकानाचं शटर ओढलं आणि शेवटच्या रेषेच्या अलीकडे कठड्याला धरून उभी राहिले. लांबून गलका ऐकू आला आणि मग घोळका वळणावरून बाहेर पडला. बारकी त्या वळणावर कुठेच अडखळली नाही, मी डोळ्यांनी बघितलं. सगळ्यांत पुढे सतरा आणि तिच्या मागच्या चाकाला चिकटून आमची बारकी. पुढचीच्या आडोशाला वारा लागत नाही, मागचीचा दम शिल्लक राहतो. डावीकडे सगळा रस्ता मोकळा. ती नुसती बसून पायडल मारत होती, सतरा मात्र सायकलीवर उभी राहून घामाघूम झालेली. मी ओरडले, "अगं काढ बाहेर! काढ ना!" शेजारच्या बाईनं कान झाकले. बारकी काही बाहेर पडेना. पडली ती अगदी शेवटी, आणि काय सुसाट सुटली! आणखी दहा मीटर रस्ता असता तर बाजी मारली असती. अर्ध्या चाकानं जर्सी गेली हो. अर्ध्या चाकानं!

मी रेषेपाशी पोचेपर्यंत लोकांनी ह्यांना घेरलं होतं. कुणी पाठ थोपटतंय, कुणी हात हातात घेतंय. "मिस्त्री, आठवं वर्ष! मानलं तुम्हाला." आणि हे चक्क ओशाळं हसत होते. वाटलं, सगळ्यांच्या देखत खेचून बाहेर काढावं. काढलंच मी, दंडाला धरून. म्हटलं, "तुमची लेक कुठे बसलीय ते बघा आधी."

ती फुटपाथच्या कडेला बसली होती, सायकल शेजारी आडवी. हे तिच्यापुढे उकिडवे बसले, पण बघत होते सायकलीकडे. चेन फिरवून पाहिली, गिअर चाचपले. "गिअर पडला का मध्येच?"

"गिअर ठीक आहे, बाबा."

"मग पाय गेले?"

"पायही ठीक होते."

"मग बाहेर का नाही काढलीस? डावीकडे एवढी जागा होती!"

बारकीनं तोंड पुसलं. रडत नव्हती, मला तेच सहन होईना. म्हणाली, "सतराच जिंकणार म्हणून तुम्ही लिहिलं होतंत. मग मी म्हटलं, तिचंच चाक धरून राहायचं, तीच नेईल पुढे. तिची केबल तुटली तो दिवस सोडला, तर रोज तेच केलं. आजही वाटलं होतं बाहेर पडावं. पण मनात आलं, मी एकटी वाऱ्यात गेले आणि दम संपला, तर दुसरीही येणार नाही. शेवटी राहवलं नाही, तोवर उशीर झाला."

ह्यांच्या हातातली चेन तशीच राहिली. "अगं, पण मी तुला तिच्या मागे राहा असं म्हटलं होतं का?"

"नाही," बारकी म्हणाली. "तुम्ही मला काहीच म्हटलं नव्हतंत."

माझी जीभ शिवशिवत होती. म्हणणार होते, बघा, झालं ना समाधान, आता घ्या पाठ थोपटून. सगळं ओठावर आलं होतं. आणि एकदम लक्षात आलं की मी ह्यांच्याशी भांडले, गिऱ्हाइकांवर डाफरले, कठड्यावरून घसा फोडला. पण तू जिंकशील, एवढे दोन शब्द पोरीला मीही म्हटले नव्हते.