गौरींच्या आधीच्या गोळ्या

मी शाळेत विज्ञान शिकवत असे. दहावीला मानवी प्रजननाचा धडा आला की आमच्याकडचे बरेच शिक्षक "हा घरी वाचून या" म्हणत आणि पान उलटत. मी उलटलं नाही. मुलगे-मुली एकत्र बसलेल्या वर्गात मी फळ्यावर मेंदूखालची पीयूषिका ग्रंथी काढी, तिथून अंडाशयाकडे एक बाण, अंडाशयातून गर्भाशयाकडे दुसरा, आणि अंडाशयाकडून परत वर मेंदूकडे जाणारा तिसरा. त्या परतीच्या बाणावर माझा बराच तास जाई. वरून नुसता हुकूम येत नाही, खालून निरोपही जातो आणि तो ऐकून वरचा हुकूम बदलतो, हे मुलांना पटेपर्यंत मी सांगत राही. मागच्या बाकांवर खुसखुस चाले. शिक्षकखोलीत एक सहकारी म्हणत, "सर, दोन मार्कांचा धडा. एवढा घाम भूमितीसाठी गाळलात तर पोरं पास तरी होतील."

मला त्या तासाचा अभिमान होता. आज हे लिहिताना त्या शब्दाशी हात अडखळतो.

आमचं घर नारायण पेठेत, तिसऱ्या मजल्यावर. मी थोरला, म्हणून गौरी आमच्याकडे बसत. मांजरी गावाहून धाकटा भाऊ आणि त्याची माणसं येत. पुरणावरणाचा स्वयंपाक थोरल्या सुनेनं करायचा, हा माझ्या आईचा नियम. पाळीच्या चार दिवसांत बाईनं स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही, हाही तिचाच. लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी हे दोन्ही नियम एकाच तारखेवर येऊन बसले आणि माझी पत्नी रडवेली झाली.

मी विटाळ मानत नव्हतो. पण आईला तसं सांगायचं तर तिच्यासमोर 'पाळी' हा शब्द उच्चारायला हवा होता. पन्नास मुलांसमोर मी तो सहज उच्चारत असे. घरात जमलं नाही. त्यापेक्षा कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात जाणं सोपं होतं. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेऊन आलो. त्यांत काय असतं ते मला ठाऊक होतंच. गर्भाशयाचं अस्तर धरून ठेवणारं जे संप्रेरक शरीर तयार करतं, त्याच्याच जातीचं, कारखान्यात बनवलेलं. रक्तात ते टिकलं की अस्तर गळत नाही, गोळी थांबली की दोन-तीन दिवसांत पाळी येते. हे मी पत्नीला समजावून सांगू लागलो, तर ती म्हणाली, "अहो, कधीपासून घ्यायच्या तेवढं सांगा. मी काही तुमच्या वर्गात नाही."

पुढे तारखा जवळ आल्या की हे ठरूनच गेलं. दुकानदार मला बघून म्हणे, "सर आले म्हणजे गौरी आल्या. आम्हाला पंचांग नको." डॉक्टरांना विचारावं असं आम्हा दोघांपैकी कोणालाच वाटलं नाही. मी विज्ञानाचा शिक्षक होतो ना.

आई गेली त्या वर्षी मी म्हणालो, "आता कशाला घेतेस? आता कोण विचारणार आहे?"

"सासूबाई होत्या तेव्हा हे त्यांना विचारलं असतंत तर बरं झालं असतं," ती म्हणाली आणि पाण्याबरोबर गोळी गिळली.

एक्कावन्नाव्या वर्षी तिची पाळी थांबली. त्या भाद्रपदात ती मंडईतून सोळा भाज्या घेऊन आली, पिशव्या ओट्यावर ठेवल्या आणि म्हणाली, "सुटले बाई एकदाची." तीन वर्षं अशीच गेली.

चौथ्या वर्षी, गौरींना दहा दिवस असताना, मी पेपर वाचत बसलो होतो. ती दारात येऊन उभी राहिली.

"अहो, परत आलंय."

"काय?"

"पाळी. थोडंसंच आहे. पण तीन दिवस झाले."

मी पेपर खाली घेतला. ती थांबली होती. मला ते थांबणं फार स्पष्ट आठवतं. मग तिनं विचारलं, "असं होतं का हो? तुमच्या पुस्तकात काय लिहिलंय?"

"या वयात संप्रेरकं वरखाली होतात," मी म्हणालो. "थांबेल आपोआप."

"दाखवायला नको ना कोणाला?"

"गौरी होऊ देत. मग बघू."

आणि मी चप्पल घालून कोपऱ्यावर गेलो. दुकानदार हसला, "पुन्हा, सर?" मीही हसलो.

ज्या बाईची अंडाशयं तीन वर्षांपूर्वी शांत झाली, तिच्या गर्भाशयाचं अस्तर आता कोणाच्या सांगण्यावरून वाढतंय? वर्गातल्या एखाद्या मुलीनं हा प्रश्न विचारला असता तर मी तिला उभं करून शाबासकी दिली असती. पाळी कायमची गेल्यानंतर रक्त दिसलं, अगदी थेंबभर दिसलं, तरी तपासून घ्यायचं असतं, हे मी वाचलेलं होतं. मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

गोळ्यांनी रक्त थांबलं. तिनं पुरण घातलं. गौरी गेल्यावर, गोळ्या बंद झाल्यावर, पुन्हा थोडं दिसलं तेव्हा मी म्हणालो, "गोळी थांबली की येतंच." उत्तर बरोबर होतं, म्हणून आम्ही दोघंही निश्चिंत झालो. त्यानंतर तिनं मला काही सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

वैशाखात ती स्वयंपाकघरातच मटकन खाली बसली. त्या दिवशी आम्ही डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी अस्तराचा तुकडा तपासायला पाठवला. कॅन्सर होता आणि गर्भाशयाबाहेर गेलेला होता. निदान सांगून झाल्यावर त्यांनी कागद पुढे ओढला.

"यापूर्वी कधी असं रक्त गेलं होतं? काही गोळ्या घेतल्या होत्यात?"

मी तोंड उघडेपर्यंत ती म्हणाली, "नाही."

परतताना रिक्षात मी विचारलं, "नाही का म्हणालीस?"

"तुम्हाला तिथं परक्या बाईसमोर खाली मान घालायला लावू?" ती बाहेर बघत म्हणाली. थोड्या वेळानं, "त्यांना उजवीकडून घ्यायला सांगा. इकडून सिग्नल लागतो."

पुढच्या वर्षीच्या गौरी मांजरीला बसल्या. त्याआधीच ती गेली होती.

दोन महिन्यांनी मी पुन्हा त्या दवाखान्यात नंबर लावला. पोट सांभाळत बसलेल्या बायकांमध्ये मी एकटा पुरुष होतो. आत गेल्यावर सगळं सांगितलं, पहिल्या वर्षीच्या गोळ्यांपासून.

डॉक्टरीणबाई शेवटी म्हणाल्या, "गोळ्यांनी हा आजार झाला असं मी म्हणणार नाही. पण त्या वर्षी त्यांनी लक्षण झाकलं. आठ महिने आधी आला असतात तर बहुधा तो पिशवीतच सापडला असता. पिशवी काढून भागलं असतं."

"मला तेच ऐकायचं होतं."

"मी तेव्हा विचारलं होतं, सर."

"हो. मी शेजारीच बसलो होतो."

"मग आता कशासाठी आलात?"

"तुमच्या कागदावर तिनं 'नाही' सांगितल्याची नोंद असेल. ती खोटं बोलली असं राहायला नको. खोटं माझ्यासाठी होतं."

"तो कागद आता कोणी उघडणार नाही."

"तरी लिहा."

त्यांनी मदतनीस बाईंना फाइल शोधायला सांगितली. बराच वेळ लागला. बाहेरून कोणीतरी दारावर टकटक केली. फाइल आली तेव्हा त्यांनी 'नाही'वर एक रेघ मारली आणि बाजूला इंग्रजीत एक ओळ लिहिली. टेबलापलीकडून मला ती उलटी दिसत होती, तरी वाचता आली. गोळ्या पतीने आणून दिल्या होत्या, एवढंच लिहिलं होतं.