कोळशाची आडवी रेघ

आत्याच्या उजव्या हाताचा अंगठा आन त्याच्या बाजूचं बोट कायम काळं असायचं. कोनाच्या घरी लग्नाला भाकऱ्या थापायला बसली की बाया म्हनायच्या, रेघवाली, आदी हात धुवून ये. ती धुवायची, पन काळं जायचं नाय. माज्या सासऱ्याची ती बहीन. नवरा लवकर गेला, पोर झालं नाय, म्हनून माहेरी आली ती आमच्या बाजूच्याच खोलीत राह्यली.

काळं कशानं, तर कोळशानं. तवा गावाच्या खालच्या अंगाला खाडीलगत मिठागरं व्हती. आमी बाया डोक्यावर मिठाच्या टोपल्या वाहायचो, आन मुकादम खेपा मोजताना विसरायचा. मुद्दाम विसरायचा. आत्याला लिहिता येत नव्हतं. तिनं चुलीतला कोळसा नेला आन मुकादमाच्याच खोपीच्या भिंतीवर रेघा मारायला लागली. खेप पोचली की उभी रेघ. पाय घसरून टोपली सांडली की आडवी. मुकादम हसला, सांडलेली कशाला मोजतेस म्हनाला. ती म्हनाली, "सांडली ती पन माज्याच डोक्यावर व्हती." त्यानंतर तो काय विसरला नाय.

मंग जमिनी गेल्या. नवीन शहर व्हनार म्हनून आदी साखळ्या घेऊन मोजनारे आले, मागून कागद आले, त्याच्या मागून मुरमाचे ट्रक. मिठागरं बुजली. माजा नवरा तळोज्याला कंपनीत लागला. आत्या नुसती ओट्यावर बसून राह्यची, बोटं एकमेकांवर घासत. बोटं गोरी व्हायला लागली तशी ती आजारी दिसायला लागली.

तेवढ्यात मुंबईची एक संस्था आली. गावातल्या पोरी पुढं याव्यात म्हनून कबड्डी शिकवनार म्हनाली. तिचा साहेब पांढरे बूट घालायचा आन ओट्यावर बसायच्या आदी रुमालानं बूट झटकायचा. शिकवनारा मानूस दोनदा आला, फोटोवाल्यासंगं, मंग नाय आला. पोरी मातर रोज संध्याकाळी आमच्या खळ्यावर जमायच्या, वाट बघायच्या, परत जायच्या. तिसऱ्या दिवशी आत्या उठली, मीठ ओढायचं लाकडी फावडं घेतलं आन खळ्यात मधली रेघ मारली. मी म्हनाले, आत्या, तुला खेळातलं काय कळतं? म्हनाली, "मीठ वाहिलेल्या बाईला दम धरायला कोन शिकवील?"

तिची बोटं परत काळी व्हायला लागली, आता आपल्याच खोलीच्या ओट्याकडच्या भिंतीवर ती रेघा मारायची. खेळात कोन बाद झालं ते ती मोजायची नाय. पॉइंट साहेब लिहील, म्हनायची. एका पोरीला बापानं कोंडली व्हती, ती कौलं सारून खेळायला आली, तिची एक उभी रेघ. एकीनं शाळेत परत नाव घातलं, तिची एक. माजी सुमन तवा चौदा वर्षांची. घरात बोलायची ते मलापन ऐकू जायचं नाय. एक दिवस ती चढाईला गेली आन तिचं कबड्डी कबड्डी तळ्यावर पानी भरनाऱ्या बायांना ऐकू गेलं. बाया हंडे ठेवून बघायला आल्या. आत्यानं त्याची लांबलचक रेघ मारली आन मला म्हनाली, बघ, तुज्या मुकीचा आवाज तळ्यापत्तूर गेला.

पुढं संस्थेच्या दोन बाया कागद घेऊन घरोघर आल्या. घरात पोरी किती, खेळतात किती, शाळेत किती. आता आमच्या गावाला एकच गोष्ट ठाऊक व्हती, कागदावर गेलं ते घरातून गेलं. शेत लिहून नेलं, शेत गेलं. आंब्याची झाडं मोजून नेली, झाडं गेली. मंग पोरी कोन लिहून देनार? घरोघर बायांनी एकच सांगितलं, आमच्याकडं पोरी नायत. मीपन तेच बोलले. सुमन दाराच्या मागं उभी व्हती. त्या बाईनं उंबऱ्यावरच्या चपलांकडं बघितलं. मी म्हनाले, पाव्हन्यांच्या हायत. सगळे कागद एकत्र केले तर आख्ख्या गावात खेळनारी एक पोर नाय. साहेब तावातावानं आला, म्हनाला, या खळ्यावर मग कोण नाचतंय? आत्या डोळ्याला पदर लावून हसली. मीपन हसले. त्या हसन्याचं मला अजून वाईट वाटतं.

दिवाळी झाल्यावर संस्थेचे पाव्हने यायचे व्हते. खळं फोटोत बरं दिसत नाय म्हनून साहेबानं सामना रस्त्याकडच्या नव्या भरावावर ठेवला. नुसता मुरूम आन दगड. आत्या सकाळी पदरभर दगड वेचून त्याच्यापुढं उभी राह्यली, म्हनाली, इथं पोरी पडतील. तो म्हनाला, आजी, एक तासाचा तर खेळ आहे.

सुमन चढाईला गेली. समोरच्या तिघी तिच्या अंगावर आल्या आन तिचा गुडघा दगडावर आला. आवाज मी लांबून ऐकला. साहेबाची जीप तिथंच उभी व्हती. मी हात जोडले, पोरीला दवाखान्यात न्या म्हनाले. त्यानं घरोघरच्या मोजनीची वही उघडली, बोट फिरवलं.

"हिचं नाव नाही इथं. तुम्हीच सांगितलं ना, आमच्या घरात मुलगी नाही? मग ही आमची कशी?"

जीप पाव्हन्यांना घेऊन जेवायला गेली. आमी सुमनला दाराच्या फळीवर घातली आन हाडं बसवनाऱ्याकडं नेली. हाड जुळलं ते वाकडं जुळलं.

त्या दिवशी मी आत्याला म्हनाले, चूक माजीच हाय. ती म्हनाली, "तू भिऊन केलंस. त्यानं बघून केलं." मंग तिनं भिंतीवर कोळशानं आडवी रेघ मारली. या भिंतीवरची पहिलीच आडवी. बाकीच्या रेघा पावसाच्या ओलीनं पुसट व्हायच्या, त्या ती तशाच ठेवायची. ही एक मातर ती रोज सकाळी चूल पेटवायच्या आदी गिरवायची. मी एकदा म्हनाले, आत्या, पुसून टाक, मला बघवत नाय. ती बोलली, तुला बघायला नाय मारलेली.

वर्षभरानं संस्थेला देनगी देनारी एक मॅडम यायची ठरली. या खेळानं गावात काय फरक पडला ते तिला बघायचं व्हतं. साहेब चार दिवस आदी आला आन बायांकडून उत्तरं पाठ करून घेऊन गेला. पुरुषांनी दारू सोडली असं सांगा, मुली शाळेत जातात असं सांगा. आत्यानंपन मान हलवली. मला वाटलं, म्हातारी थकली.

मॅडम आमच्याच अंगनात बसली. बाया पाठ केलेलं बोलल्या. मंग मॅडमनं खेळनाऱ्या पोरींची यादी वाचायला घेतली, एकेकीला हात वर करायला सांगितला. मधीच तिनं वाचलं, सुमन, रोज खेळते, धावण्यात चांगली प्रगती. माज्या हातातला तांब्या सुटला. नावं कमी पडली म्हनून त्यानं माजी पोर वहीत घातली व्हती.

आत्या उठली. आत जाऊन सुमनला हाताला धरून घेऊन आली. अंगनात येईपत्तूर सगळ्यांनी तिचा पाय बघितला.

"बाय, तुमच्या कागदात ही पळते," आत्या म्हनाली. "पळवा हिला."

साहेब म्हनाला, आजी, आपण नंतर बोलू.

"नंतर कशाला? जीपपाशी ही तुमची नव्हती. कागदावर कवा झाली?"

मॅडमनं मला विचारलं, मी सगळं सांगितलं, पोरीला लपवली तेपन. मंग आत्यानं तिला भिंतीपाशी नेली आन एकेक रेघ सांगितली, ही कौलातून आली तिची, ही शाळेत गेली तिची. मॅडम हात लावून बघत व्हती, बोटं काळी झाली तिची. खाली आडवी रेघ आली तवा तिनं विचारलं, ही कोणाची? आत्या म्हनाली, "ही तुमच्या साहेबाची." मॅडमनं चहा घेतला नाय. साहेब तिच्या मागं गाडीपत्तूर पळत गेला. त्या दिवशी तेवढाच एक पळाला.

साहेबाला काढला, पन संस्थापन गावातून उठली. पोरींच्या चड्ड्या, शिट्टी, सगळं परत नेलं. बाया आत्याच्या दारात येऊन भांडल्या, तुज्या सुडापायी पोरींचा खेळ गेला म्हनाल्या. आत्या तांदूळ निवडत व्हती. वर बघितलं नाय. म्हनाली, "चड्ड्या गेल्या. खळं हाय तिथंच हाय." संध्याकाळी पोरी फ्रॉक खोचून आल्या. सुमन दगडावर बसून कोन बाद ते सांगायला लागली, आन तिचा आवाज परत तळ्यापत्तूर जायला लागला. आत्यानं त्याची उभी रेघ मारली. आडवी पुसली नाय.

मला पुष्कळ जनींनी विचारलं, मानसाची नोकरी घालवली, बरं वाटलं का? वाटलं. अजून वाटतं.

पाचेक वर्षांनी आत्या गेली. धाप लागली व्हती, तरी शेवटच्या सकाळी माज्याकडून ती रेघ गिरवून घेतली. दहाव्याला खाडीवर जायला जुन्या मिठागराचा उरलेला बांध व्हता, एका वेळी एकच मानूस चालेल एवढा. दोन्ही अंगाला चिखल. निघताना बघते तर साहेब दारात. आता तो एका बिल्डरकडं व्हता, गावाला प्लॉट मिळनार म्हनून घरोघर फिरत व्हता. बूट तसेच पांढरे. मला हात जोडून म्हनाला, आजी फार मोठ्या मनाच्या होत्या.

मी म्हनाले, या ना साहेब, कावळ्याला पान ठेवू या. सुमनला पुढं केली, तिच्या मागं त्याला घेतला, त्याच्या मागं मी.

भरती नुकती उतरली व्हती, बांध ओला व्हता. सुमनचा पाय उचलत नाय, घसटत जातो. तिच्या मागं चिखलात रेघ उमटत व्हती, सरळ, लांब. त्यानं एकदा बाजूनं पुढं जायला बघितलं, बूट घोट्यापत्तूर रुतला, परत वर आला. घड्याळ बघितलं. म्हनाला, जरा लवकर गेलो तर बरं.

"तिला पळता येत नाय, साहेब," मी म्हनाले. "तुमाला ठाऊक हाय."

तो खाली मान घालून रेघेकडं बघत चालला. अर्धा बांध अजून बाकी व्हता. मी मागून सुमनला सांगितलं, सावकाश चाल ग बाय. आत्याला घाई नाय.