भरतेशनं साठवलेलं भंगार

विश्रामबागेत भरतेशचं टीव्ही-फ्रीजचं दुकान आहे, शेजारी माझं वह्या-पुस्तकांचं. पर्युषण संपलं की क्षमावाणीला भरतेश हात जोडून दारोदार फिरतो. वर्षभरात ज्याला दुखावलं त्याची क्षमा मागायची, हा जैनांचा रिवाज. हा भला माणूस न दुखावलेल्यांचीही मागतो. माझी तर दोनदा मागतो.

तीन वर्षांपूर्वी असाच तो भंगारवाल्या चांदसाहेबच्या दारी गेला. चांदसाहेबची बायको हुसेनबी तांब्यासाठी वायरी जाळत बसली होती. खोकल्यानं तिला धड बोलता येईना. त्या वायरी भरतेशच्याच दुकानातून गेलेल्या, गिऱ्हाइकांनी नव्याच्या बदल्यात दिलेल्या जुन्या टीव्हींच्या. भरतेशनं तिथंच नेम घेतला, यापुढे एकही यंत्र भंगारात द्यायचं नाही.

जुना माल नेऊन नीट मोडणं हे कायद्यानं तो बनवणाऱ्या कंपनीचं काम. 'आमच्या दुकानदारांकडे जमा करा' असा फलकही कंपनीनंच पाठवलेला. भरतेशनं फोन लावला. एक टन जमू द्या, मग गाडी पाठवतो, असं उत्तर आलं. टन जमला. मग म्हणाले, फॉर्म भरा. भरले. मग तिकडचा साहेब बदलला आणि पुन्हा पहिल्यापासून तेच. नुसते कागदी घोडे! गोदाम भरलं, जिना भरला, शेवटी झोपायच्या खोलीत टीव्हींची चळत लागली. त्याची बायको गुणमाला एकदाच बोलली, "आवं, आता मी माळ्यावर झोपू व्हय?"

मला त्याचा राग यायचा आणि कीवही. देऊन टाक रे एकदाचं, असं मी कितीदा सांगितलं. तो मान हलवायचा आणि पुन्हा फोन लावायचा. तीन वर्षांत माणूस दहा वर्षांनी थकला.

गेल्या महिन्यात कंपनीनं नेमलेल्या ठेकेदाराची गाडी अखेर आली. माल गेला, शिक्क्याचं प्रमाणपत्र हातात पडलं. त्या दिवशी भरतेश दुपारीच दुकान बंद करून झोपला.

परवा हुसेनबी दवाखान्यातून घरी आल्याचं कळलं, म्हणून आम्ही दोघं तिला बघायला गेलो. अंगणात जुन्या टीव्हींची रास होती. पाठीवर भरतेशच्या दुकानाच्या चिठ्ठ्या, त्याच्याच अक्षरातल्या.

"चांदसाहेब, ह्यो माल कुठनं आला?" भरतेशनं विचारलं.

"ठेकेदारानं आणून टाकला की. तुमी द्यायचं बंद केलं तवा लय हाल झालं बघा, शेठ. आता हाय काम."

भरतेश मटकन ओट्यावर बसला.

आतून हुसेनबी भिंतीला धरत बाहेर आली. "शेठ, तुमचाच माल न्हवं ह्यो? लय उपकार झालं," ती धाप आवरत म्हणाली. "जरा बरं वाटलं की बसतीच जाळाय."