पैलवानाकडं आलेलं पावणं

आमच्या मालकांचं नाव जोतीराम. पण मुरगूडकडच्या आमच्या गावात त्या नावानं कुणी वळखत न्हाय, तिथं ते 'डिग्रीवालं'. गावच्या दूध संस्थेत दूध तपासण्यात त्यांची उभी हयात गेली. किटली आली की आधी लॅक्टोमीटर बुडवायचं, डिग्री बघायची, पाणी लागलं की किटली परत. मग समोर कोण का असंना. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत माझ्या आबांची, म्हणजे ह्यांच्या सख्ख्या सासऱ्याची किटली ह्यांनी भर रांगेतनं परत केली. तवापास्नं आबा आमच्याकडं आलं की चहा घेऊन उठायचं, जेवायला म्हणून कधी थांबलं न्हाईत. माझा त्या गोष्टीवरचा राग सांगत बसलं तर स्वयंपाक तसाच राहील.

आता आम्ही कोल्हापुरात, रंकाळ्याच्या मागच्या अंगाला राहतो. आमची मोना लग्न होऊन शिरोळला गेली आणि जाताना तिचा गोल्डफिश आमच्या गळ्यात घालून गेली. छाती काढून फिरतोय म्हणून त्याचं नाव पैलवान. फोन आला की आधी पैलवानाची चौकशी, मग आईची. मालकांचा बी त्याच्यावर भारी जीव. एक दिवस म्हणालं, एवढ्या मोठ्या टाकीत बिचारा एकटाच हाय, त्याला सोबत पायजे. झालं, गेलं आणि ऋतुराजच्या माशांच्या दुकानातनं चार बारकं गोल्डफिश घेऊन आलं.

ऋतुराज पोरगा शहाणा. त्यानं बजावून सांगितलतं की मासं वाढलं की घाण वाढती, आणि पाणी नितळ दिसलं तरी आतनं बिघडलेलं असू शकतंय. म्हणून खाणं कमी घाला आणि रोज पाणी तपासा. तपासायचं सामान बी दिलतं. काचेच्या नळीत टाकीतलं पाणी घ्यायचं, वर औषधाचं थेंब टाकायचं आणि रंग बघायचा. पिवळा आला तर पाणी चांगलं, हिरवा आला तर बिघडलं.

आवो, रिटायर माणसाच्या हातात पुन्हा नळी आली! रोज सकाळी आंघोळ करून, चष्मा लावून खिडकीत उभं. मला भाकरी टाकून हात धुऊन यायला लावायचं, रंग बघून साक्ष द्यायला. सुरवातीला पिवळा आला की ह्यांच्या तोंडावर असं तेज, जणू सगळ्या गावाचं दूध चोख निघालंय.

मग रंग हिरवट व्हायला लागला. बारकी चार जरा दमानं फिरायला लागली आणि पैलवान तर सारखा वर येऊन तोंड उघडंमिट करत राहिला. ऋतुराजला विचारलं तर म्हणाला, खाणं जास्त होतंय, उरलेलं तळाला कुजतंय. पाणी असंच राहिलं तर मोठा मासा आधी जाईल. मोना रविवारी जावयाला घेऊन येणार होती. तिला काय दाखवायचं ह्या काळजीनं मालकांचं जेवणावरचं ध्यान उडालं.

रोज थोडं पाणी काढायचं, बादलीत मुरवत ठेवलेलं नळाचं पाणी घालायचं, असा सपाटा लावला. आणि गुन्हेगार शोधायला निघालं. समोरच्या मल्लव्वानं नवीन मासं बघायला आल्यावर चिमूटभर खाणं टाकलतं, ते ह्यांच्या ध्यानात होतं. तिला दारात गाठून असं झाडलं की बिचारी दोन दिस आमच्याकडं फिरकली न्हाय. खाण्याचा डबा बी मग ह्यांनी फळीवरनं काढून कुठं तरी लपवला. तरी नळी हिरवीच.

एका संध्याकाळी मी पीठ मळत होते. स्वयंपाकघराच्या दारातनं टाकी दिसती. बघते तर मालक टाकीपुढं पाटावर बसलेत, सदऱ्याच्या खिशातनं डबा निघाला, चिमूट पाण्यात पडली, आणि वर चार बारक्यांना म्हणतायत, "घ्या, लाजू नका." मग पैलवानाकडं वळून आणखी एक चिमूट. तुला सोडून पावण्यांचं लाड कसं करीन, म्हणतायत.

मी पिठाच्या हातानंच जाऊन उभी राहिले. दिवसातनं किती येळा चाललंय हे, विचारलं. मालक गडबडलं. म्हणालं, पावणं नवीन हायत, एकदा वाढून गप बसायचं का, आपल्यात अशी रीत हाय का. मी म्हटलं, "मग मल्लव्वाला कशाला बोललासा?"

मालकांनी सकाळची हिरवी नळी उचलली, उजेडाकडं धरून बघितली. मग डबा माझ्या हातात दिला.

"ह्यात माझाच हात हाय. डबा तू ठिव."

मला हसू आवरंना. म्हटलं, आता आबांना फोन करून सांगतेच. मला वाटलं भांडतील. तर ह्यांनी स्वतःच फोन लावला, स्पीकरवर टाकला.

"आबा, जोतीराम बोलतोय. आज माझी किटली परत गेली."

सगळं ऐकून नव्वदीला टेकलेला माझा बाप खोकला येस्तवर हसला. मग विचारलं, "डिग्री किती लागली?"

"हिरवी लागली, आबा."

माझं डोळं भरून आलं, खोटं कशाला सांगू. इतक्या वर्षांचा राग त्या एका वाक्यात गेला.

दोन दिस माशांना उपास घडवला, पाणी बदलत राहिलो. मालक मल्लव्वाच्या दारात जाऊन चुकलं म्हणून आलं. रविवारी सकाळी मी हात धुऊन खिडकीत गेले तर नळी पिवळी धमक, आणि पैलवान तळाचं खडं उचकटत फिरतोय, मागनं चारी बारकी.

मोना आली, जावई आलं, आणि वाट वाकडी करून त्यांनी गावाकडनं गाडीत आणलेलं आबा बी आलं. मासंच बघायला आलोय म्हणालं. टाकीपुढं खुर्ची टाकून बसलं, जरा वेळानं डब्याकडं हात नेला आणि मालकांकडं बघत विचारलं, "जरा घालू का?"

"न्हाय, आबा," मालक म्हणालं.

आबांनी हात मागं घेतला आणि मला हाक मारून ताट वाढायला सांगितलं. मालकांनी त्यांच्या ताटात रस्सा आग्रह करकरून वाढला, आणि आबा पोटभर जेवून गेलं.