काय पुसू, विचारणारे चाचा

आपल्या देशात ऐतिहासिक मोबाइल गेमचा बाजार कुठे चाललाय, हे नीट कळलेला एकच माणूस मी पाहिला, आणि त्याने जन्मात एकही गेम खेळलेला नाही. ते म्हणजे पौडच्या बाजारपेठेत मोबाइल दुरुस्त करणारे आमचे चाचा. दुकान इतकं अरुंद, की गिऱ्हाईक आत आलं की चाचांना पाय वर घेऊन बसावं लागे. डोळ्याला भिंग, कानात अत्तराचा फाया, आणि समोरच्याचा फोन उघडला की सोबत त्याच्या अख्ख्या खानदानाची चौकशी. फोनमधली जागा भरली म्हणून कुणी आलं, की ते एवढंच विचारत, "काय पुसू?" कोण काय पुसायला सांगतं आणि कोण काय पुसू देत नाही, यावर त्यांचं सगळं शास्त्र उभं होतं. शिवजयंतीला तलवारीचे गेम चढतात, परीक्षा आल्या की उतरतात, मे महिन्यात पुन्हा डोकं वर काढतात, हे ते इंद्रायणी तांदळाचा भाव सांगावा तसं सांगत. डाउनलोडचे आकडे मात्र त्यांच्या खिजगणतीत नव्हते. "लग्नं किती लागली ते नगा सांगू. नांदत्यात किती, ते सांगा," म्हणायचे.

मी तेव्हा बावधनच्या एका छोट्या कंपनीत होतो. आम्ही सहा जणांनी दोन वर्षं खपून किल्ला बांधायचा आणि राखायचा एक गेम केला होता. परदेशी, भपकेबाज गेमांपुढे तो सपशेल आपटला. कंपनीच्या मालकीण मॅडमनी दोन महिन्यांची मुदत दिली. तोवर चढला नाही तर गेम बंद, आणि आम्ही सहाही जण घरी. मी चाचांपुढे रडगाणं गायलो, तर त्यांनी फर्मावलं, मॅडमना बाजाराच्या दिवशी इथे आणून बसवा.

मॅडम आल्या त्या लॅपटॉप घेऊन. चाचांनी तो मिटला आणि त्यावर चहाचा ग्लास ठेवला. सकाळपासून त्या स्टुलावर बसून नुसतं पुसणं बघत होत्या. दुपारी मुठा गावचे एक शेतकरी आले, फोन गच्च भरलेला. नेहमीचा प्रश्न झाला. "ह्यो किल्ला काढा," ते म्हणाले. "तीन म्हयने बांधला, एका हल्ल्यात समदं गेलं. पुन्यांदा पायापासनं कोन बांधतंय?"

चाचांनी किल्ला पुसला आणि भिंग वर करून मॅडमकडे पाहिलं. "ताई, गड पडला तर पडू द्या. मान्सं आन् धान्याचं कोठार तेवढं ऱ्हाऊ द्या. मानूस परत उभा ऱ्हातोय."

दुसऱ्याचं वाक्य कधी पुरं होऊ न देणाऱ्या मॅडमनी परतताना गाडीत चाचांचं वाक्य जसंच्या तसं लिहून काढलं. दुसऱ्या दिवसापासून आम्ही गेम बदलायला घेतला. गड पडला तरी माणसं आणि धान्य वाचतं, असं केलं. मग तो जो चढायला लागला, तो मुदत संपायच्या आत ऐतिहासिक गेमांच्या यादीत देशात पहिला! त्या दिवशी चाचांनी अख्ख्या बाजारपेठेला पेढे वाटले आणि संध्याकाळपर्यंत फोनच्या काचा फुकट बदलून दिल्या. पण त्यांच्या लेखी खरा निकाल पुढच्या बाजारी लागला. मुठ्याचे तेच शेतकरी पुन्हा फोन भरून आले; आमचा गेम त्यांनी परत घेतला होता. चाचा काही विचारायच्या आत म्हणाले, "मेव्हन्याच्या लग्नाचा व्हिडिओ पुसा. गडाला हात लावू नगा." चाचांनी मला तिथूनच फोन लावून हे वाक्य त्यांच्याकडून पुन्हा वदवून घेतलं. मी ऑफिसात सगळ्यांसमोर रडलो, आणि मला त्याची लाज वाटत नाही.

आता फोनमध्ये जागा रग्गड झालीय. मी मोठ्या कंपनीत आलो, दिवसभर आलेख बघतो. परवा मुळशीहून येताना पौडला थांबलो. दुकानात कुणीच नव्हतं. चाचा भिंग पुसत बसले होते.

"आता कुनाला काय पुसावंच लागत न्हाई," ते म्हणाले. "मग कुनाचा जीव कशात हाय, ते मला कळायचं कसं?"

मी दोन चहा सांगितले, स्टूल ओढलं आणि त्यांच्याबरोबर गिऱ्हाइकाची वाट बघत बसलो.