दोघांना ओढणारी स्कूटर

उंद्रीत कुणाची मोटर विहिरीत पडली की भागवतला बोलावणं येई. तो बुडी मारायचा आणि काठावर ज्ञानेश्वर त्याच्या कमरेचा दोर धरायचा. आता ज्ञानेश्वर मेक्सिकोत पाण्याखालच्या गुहांमध्ये उतरत होता. सुट्टीत गावी आल्यावर त्याने भागवतसमोर मोबाइल धरला. माणसाला पाण्यातून ओढत नेणाऱ्या दोन स्कूटरचे फोटो होते, एक हलकी, एक भारी.

"कोणती घेऊ बे?"

"हलकी. भारी काऊन वागवतं?"

"आत पाब्लोची बंद पडली, तर त्याले मलेच ओढून आना लागते. हलकीनं दोघं येत नाई."

पाब्लो त्याचा तिकडचा जोडीदार. भागवतला ते झोंबलं. इतकी वर्षं आपला जीव याच्या मुठीत होता, आता तिथे भलताच कुणी आला.

"मंग हलकीच घे," तो फणकारला. "त्याचं तो पाहून घेईन."

पण बोलताच भागवतची मान खाली गेली. खाली अडकल्यावर वरून दोर ओढला गेला नाही तर काय होतं, हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

"भारीच घे," तो शेवटी म्हणाला. "पन त्याले सांगजो, पयले मी होतो."